लेलाइन टेबलावर असताना ब्लड आर्टिस्ट किती वेळा चालेल? भांडण मिटवा रे कोणीतरी

कूलरसमोरचा | रविवार, रात्री १०:५२

काल दुपारी धरमपेठेत एका मित्राच्या वरच्या खोलीत आमचा मॅजिकचा (मॅजिक: द गॅदरिंग, कार्डांचा खेळ) डाव बसला होता. पारा ४५ ला टेकलेला, खिडकीत कूलर घरघरतोय, मधे तर्री पोह्यांच्या रिकाम्या प्लेटा. डाव संपला, भांडण संपलं नाही. म्हणून हा धागा.

माझा डेक पांढरा-काळा. माझ्या बाजूला चार क्रीचर (लढणारी पात्रं): ब्लड आर्टिस्ट (तो किंवा कोणतंही क्रीचर मेलं की मी निवडेन त्या खेळाडूचं एक लाइफ जातं, माझं एक वाढतं), डूम्ड ट्रॅव्हलर आणि लिंगरिंग सोल्समधून आलेली दोन भुतं, म्हणजे टोकन (दुसऱ्या कार्डाने तयार केलेली क्रीचर). समोरच्याचा डेक निळा-काळा. त्याच्याकडे तीन क्रीचर: सोअर ऑफ टेम्प्टेशन, स्नॅपकास्टर मेज आणि सेरा एंजल. शिवाय त्याची लेलाइन ऑफ द व्हॉइड सुरुवातीच्या हातातच आली होती, त्यामुळे ती पहिल्यापासून टेबलावर. त्याचं लाइफ ५, माझं ९; शून्य झालं की हरलो.

त्याने डॅम्नेशन खेळलं. सगळे क्रीचर नष्ट.

मी म्हटलं, सात क्रीचर मेले, ब्लड आर्टिस्ट सात वेळा चालेल, तू पाच वरून खलास. तो म्हणाला, लेलाइन आहे, काहीच मरत नाही, सगळं एक्झाइल (म्हणजे खेळाबाहेर), ट्रिगर (म्हणजे ब्लड आर्टिस्टचं चालणं) शून्य. तिसरा मित्र म्हणाला, चार. का चार, ते त्याला सांगता येईना. शेवटी नाणं उडवलं, छापा आला, मी जिंकलो. तेव्हापासून समोरचा माझे मेसेज वाचतो पण उत्तर देत नाही.

खरं उत्तर काय?

ड्युएल_मास्तर | रात्री ११:०३

मी यू-गी-ओ (दुसरा एक कार्डांचा खेळ) वाला आहे, तरी सांगतो. टोकन कधीच ग्रेव्हयार्डमध्ये (मेलेल्या, वापरून झालेल्या कार्डांचा ढीग) जात नाही, मैदानावरून हटलं की गायब. म्हणजे टोकनचे ट्रिगर शून्य. बाकीचे लेलाइन खाते. तुझा मित्र बरोबर आहे.

आडवी_जमीन | रात्री ११:२०

मास्तर, तो तुमच्या खेळाचा नियम झाला. मॅजिकमध्ये टोकन आधी ग्रेव्हयार्डमध्ये जातं आणि तिथे पोचल्यावर मग नाहीसं होतं. नियम ७०४.५डी. एका क्षणापुरतंच जातं, पण जातं. आणि मॅजिकमध्ये 'मरणं' म्हणजे मैदानावरून ग्रेव्हयार्डमध्ये जाणं, एवढीच व्याख्या आहे, ७००.४. नष्ट झालं की नाही, किती डॅमेज बसलं, याच्याशी 'मरण्या'चा संबंध नाही. ग्रेव्हयार्डच्या उंबरठ्यावर पाय पडला का, एवढंच बघायचं.

आता लेलाइनचं वाक्य नीट वाचा. त्यात म्हटलंय की एखादं 'कार्ड' प्रतिस्पर्ध्याच्या ग्रेव्हयार्डमध्ये कुठूनही जाणार असेल, तर त्याऐवजी ते एक्झाइल करा. कार्ड. टोकन म्हणजे कार्ड नव्हे. तुम्ही टोकन म्हणून टेबलावर काय ठेवलं होतं कोण जाणे, बाटलीचं झाकणही चालतं, पण नियमाच्या डोळ्यांना ते कार्ड नाही. त्यामुळे लेलाइनला तुमची भुतं दिसतच नाहीत. ती सरळ ग्रेव्हयार्डमध्ये जातील, म्हणजे मरतील. ट्रिगर दोन.

ब्लड आर्टिस्ट आणि ट्रॅव्हलर ही तुमची कार्डं. ती तुमच्या ग्रेव्हयार्डमध्ये जाणार होती, लेलाइन त्यांना एक्झाइलकडे वळवते. मेलीच नाहीत. ट्रॅव्हलर मेल्यावर जे भूत मिळतं तेही मिळणार नाही.

राहिले समोरच्याचे तीन. लेलाइन त्याचीच, ती फक्त प्रतिस्पर्ध्याच्या ग्रेव्हयार्डवर चालते, त्याच्या स्वतःच्या नाही. ते तिघे मरतात. ट्रिगर तीन.

दोन आणि तीन पाच. त्याचं लाइफ ५. तुम्ही जिंकलात, पण कारण चुकीचं सांगितलंत.

कूलरसमोरचा | रात्री ११:२४

म्हणजे जिंकलोच ना! नाण्याला अक्कल असते असं माझी आजी म्हणायची.

मेंढीकोट_मावशी | रात्री ११:३१

मला तुमच्यातलं ओ की ठो कळत नाही, पण आमच्या महालच्या वाड्यात बंद हुकूम की कट हुकूम यावरून दोन जावांनी वर्षभर एकमेकींच्या घरचं हळदीकुंकू टाळलं होतं. पत्त्यांचं भांडण साधं समजू नका. चालू द्या.

नवा_भिडू | रात्री ११:४०

आडवी_जमीन ताई, एक शंका. ब्लड आर्टिस्ट स्वतःच त्याच डॅम्नेशनमध्ये निघून गेला. मग बाकीचे मेलेले त्याने पाहिले कसे? तो तर टेबलावर नाहीच.

आडवी_जमीन | सोमवार, रात्री १२:०५

चांगला प्रश्न, यावर भलेभले अडतात.

बहुतेक ट्रिगर घटना झाल्यानंतरचं टेबल बघतात. 'मैदान सोडून जाणं' या जातीचे ट्रिगर मात्र उलटे वागतात, ते घटनेच्या ऐन आधीचं टेबल बघतात. नियम ६०३.१०. कारण उघड आहे: मेल्यानंतर बघायचं ठरवलं, तर स्वतःच्या मरणावर चालणारं एकही कार्ड चाललं नसतं. डॅम्नेशन लागण्याच्या अगदी आधीच्या क्षणी ब्लड आर्टिस्ट टेबलावर होता आणि बाकीचे त्याच्याबरोबर एकाच वेळी गेले. त्यामुळे त्याने सगळ्यांना पाहिलं. तो स्वतः ग्रेव्हयार्डऐवजी एक्झाइलला गेला म्हणून हे पाहणं रद्द होत नाही.

प्रत्येक मरणाचा ट्रिगर वेगळा, एकत्र पाच नव्हे. प्रत्येकाला टार्गेट वेगळं निवडता येतं. इथे सगळे समोरच्यावरच लावणार म्हणा.

ड्युएल_मास्तर | रात्री १२:११

ताई, मान्य. आमच्याकडे मॅक्रो कॉसमॉस नावाचं कार्ड आहे, ते ग्रेव्हयार्डला जाणारं प्रत्येक कार्ड बाहेर काढतं. मी त्याच चालीवर विचार केला. आमच्याकडे टोकनला ग्रेव्हयार्डच नाही हे डोक्यात इतकं पक्कं बसलंय की दुसरीकडे वेगळं असेल असं वाटलंच नाही.

सदरवाला | सोमवार, सकाळी ८:४६

आबे, मले न सांगता धागा टाकला काय तू? समोरचा म्हणजे मीच. रात्रभर लोकं माझ्या डावाचं पोस्टमार्टेम करून रायले अन् मले सकाळी चहा पिता पिता समजून रायलं.

शून्य मी असंच नव्हतं म्हटलं. ग्रेव्हयार्ड बंद करणारं पांढरं कार्ड असलं की ब्लड आर्टिस्ट चालत नाही, हे मी स्वतः वाचलं होतं. टोकनसुद्धा मरत नाही असं साफ लिहिलं होतं तिथं.

आडवी_जमीन | सकाळी ९:१५

तुम्ही वाचलंत ते रेस्ट इन पीसबद्दल असणार. बरोबर ना? पांढरं, दोन मनाचं (मना म्हणजे कार्ड खेळायची किंमत, जमिनींतून मिळते), आल्या आल्या सगळ्यांची ग्रेव्हयार्ड साफ करणारं.

सदरवाला | सकाळी ९:१९

हाव, तेच.

आडवी_जमीन | सकाळी ९:५०

मग घोळ तिथेच आहे, आणि हा घोळ फार जणांचा होतो. दोन्ही कार्डं एकच काम करतात असं समजून लोक एकाचा निवाडा दुसऱ्याला लावतात. लेलाइन आली २००६ मध्ये, रेस्ट इन पीस २०१२ मध्ये. रेस्ट इन पीसच्या वाक्यात 'कार्ड किंवा टोकन' असं लिहिलंय. लेलाइनच्या वाक्यात नुसतं 'कार्ड'. शिवाय रेस्ट इन पीस सगळ्यांच्या ग्रेव्हयार्डवर चालतं, स्वतःच्याही. लेलाइन फक्त समोरच्याच्या.

म्हणजे टेबलावर लेलाइनच्या जागी रेस्ट इन पीस असतं, तर तुमचं शून्य अगदी बरोबर होतं. तुम्ही उत्तर बरोबर दिलंत, प्रश्न दुसरा होता.

एक ओळख सांगते, ती सवय लागली की अर्धी भांडणं होतच नाहीत. वाक्यात 'जेव्हा' किंवा 'जेव्हा जेव्हा' असेल, तर तो ट्रिगर: घटना होते, मग तो स्टॅकवर (लागू व्हायची वाट बघणाऱ्यांच्या रांगेत) येतो, त्याला उत्तर देता येतं. वाक्यात 'त्याऐवजी' असेल, तर तो बदल: तो स्टॅकवर येतच नाही, त्याला उत्तर देता येत नाही, मूळ घटना झालीच नाही असं धरायचं. लेलाइन 'त्याऐवजी'वाली आहे. म्हणून तुमचा ट्रॅव्हलर 'मेला आणि मग एक्झाइल झाला' असं म्हणणं चूक. तो मेलाच नाही.

नवा_भिडू | सकाळी १०:०२

म्हणजे बसमधून वर्ध्याला उतरून मग अमरावतीला गेलो असं नाही, बसच अमरावतीची केली.

आडवी_जमीन | सकाळी १०:०४

अगदी. आणि वर्ध्याच्या स्टँडवर जो हार घेऊन उभा होता तो उभाच राहिला.

पेठेतला_पाहुणा | सकाळी ११:३७

पुण्याहून बोलतोय. नागपूरकरांच्या भांडणात पडू नये हे माहीत आहे, पण एक गोष्ट कोणाच्याच लक्षात आली नाही का?

समोरच्याचा डेक निळा-काळा. सेरा एंजल पांढरी. आणि शेजारी सोअर ऑफ टेम्प्टेशन बसलेली. ही एंजल त्याच्याकडे आली कुठून?

आडवी_जमीन | सकाळी ११:४१

अरे देवा.

आडवी_जमीन | सकाळी ११:४३

कूलरसमोरचा, खरं सांगा. एंजल तुमच्या डेकमधली आहे का? सोअरने पळवलेली?

कूलरसमोरचा | दुपारी १२:१५

हो. त्याने सोअर आणली आणि माझी एंजल उचलली. पण डॅम्नेशनच्या वेळी ती त्याच्या ताब्यात होती, म्हणून मी ती त्याच्या खात्यात लिहिली. त्याने काही फरक पडतो का?

आडवी_जमीन | दुपारी १२:४०

पडतो, आणि मी ते आधीच विचारायला हवं होतं, चूक माझी. ताबा एकाचा आणि मालकी दुसऱ्याची असू शकते. कोणतंही कार्ड दुसऱ्या कोणाच्या ग्रेव्हयार्डमध्ये जायला निघालं, तरी ते मालकाच्याच ग्रेव्हयार्डमध्ये जातं, नियम ४००.३. एंजल समोरच्याच्या बाजूने लढत होती, पण मेल्यावर तिचा रस्ता तुमच्या ग्रेव्हयार्डकडे. आणि तुमच्या ग्रेव्हयार्डच्या दारात लेलाइन उभी. एंजल एक्झाइल. मेली नाही.

सोअरही त्याच क्षणी गेली, मग एंजल तुमच्याकडे परत नाही का आली, असं कोणी विचारेल. नाही. दोघी एकत्र गेल्या, मधे परत यायला फटच नव्हती. आणि आली असती तरी ग्रेव्हयार्ड तुमचंच.

मग हिशेब असा: दोन भुतं, सोअर, स्नॅपकास्टर. चार. समोरचा पाचवरून एकवर. तुमचं लाइफ नऊवरून तेरा. डाव चालूच.

तुमचा तिसरा मित्र चार म्हणत होता ना? त्याला कारण सांगता आलं नाही, पण उत्तर त्याचंच.

सदरवाला | दुपारी १२:४४

बघ!! एक लाइफवर होतो मी! जित्ता होतो! अन् तू नाणं उडवून मले मारलं बे!

कूलरसमोरचा | दुपारी १२:५८

एक मिनिट, एक मिनिट. ताई, आता खरी गोष्ट सांगतो. ती सेरा एंजल माझी नाहीच. फॉइलवाली आहे, सदरवाल्याने मला दोन महिन्यांपूर्वी उधार दिली होती, माझ्या डेकमध्ये एक जागा रिकामी होती म्हणून. कार्ड त्याचं, त्याच्या पैशाचं. मग मालक तो. मग एंजल त्याच्या ग्रेव्हयार्डमध्ये गेली, लेलाइनला दिसली नाही, मेली, ट्रिगर पाच, आणि भाऊ खलास.

सदरवाला, कार्ड तुझं आहे की नाही ते इथे सगळ्यांसमोर सांग.

मेंढीकोट_मावशी | दुपारी १:०३

आता मला कळायला लागलं. 'माझं' म्हटलं तर मरतो, 'तुझं' म्हटलं तर कार्ड जातं. वा रे पठ्ठ्या.

सदरवाला | दुपारी १:१०

मावशी, हसून नका राहू. फसलो ना मी.

कार्ड माझंच आहे. ठावूक आहे सगळ्या ग्रुपले. अन् दोन महिने झाले, वापस केलं नाही, तो हिशेब वेगळाच. पण त्या डावात ते त्याचं होतं ना? ताई, काही तरी नियम असंल याच्यावर?

आडवी_जमीन | दुपारी १:३२

आहे, आणि तुमच्या बाजूचा आहे. १०८.३: डाव सुरू होताना कार्ड ज्याच्या डेकमध्ये होतं, तो त्या डावापुरता मालक. कोणी विकत घेतलं, कोणी उधार दिलं, पावती कोणाच्या नावावर आहे, खेळाला त्याच्याशी घेणंदेणं नाही. डाव संपला की कायद्याने ज्याचं त्याचं. पण डावात एंजल कूलरसमोरच्यांचीच. एक्झाइल. ट्रिगर चारच.

टोकनचंही सांगून टाकते, कोणीतरी विचारेलच. टोकन ज्याने तयार केलं तो मालक. भुतं कूलरसमोरच्यांची.

सदरवाला | दुपारी १:३४

जित्ता आहो मी. मंडळी, जित्ता आहो.

पेठेतला_पाहुणा | दुपारी १:५०

जिवंत आहात ते ठीक, पण सोअर, स्नॅपकास्टर, पळवलेली एंजल, हे सगळं हाताशी असताना तुम्ही डॅम्नेशन खेळलात कशाला? स्वतःचेच तीन मारून?

सदरवाला | दुपारी २:०६

दोन भुतं उडून उडून दर पाळीले मले दोन-दोन चावत होती. एंजल एकच, ती दोघींले अडवू शकत नाही. अन् हातात अजून दोन मोठे क्रीचर होते. म्हटलं शून्य ट्रिगर आहेत, सगळं साफ करतो अन् पुढच्या पाळीपासून मोठे आणतो. शून्य आहे असं वाटलं म्हणूनच खेळलो ना. चार आहेत हे ठावूक असतं, तर खेळलो असतो का एक लाइफवर उभा राहाले?

पेठेतला_पाहुणा | दुपारी २:०९

हे मान्य. कूलरसमोरचे, तुमच्या हातात काय होतं तेव्हा?

कूलरसमोरचा | दुपारी २:२०

दोन जमिनी आणि एक डिसएन्चँट (लेलाइनसारखी कार्डं नष्ट करणारं).

आडवी_जमीन | दुपारी २:२१

मना किती मोकळा होता?

कूलरसमोरचा | दुपारी २:२२

तीन जमिनी उभ्या होत्या. एक पांढरी होती त्यात.

आडवी_जमीन | दुपारी २:२४

तुम्ही डिसएन्चँट धरून बसला होतात. लेलाइन समोर. डॅम्नेशन स्टॅकवर. आणि तुम्ही नाणं उडवलंत.

कूलरसमोरचा | दुपारी २:३०

मी ते पुढच्या एखाद्या भारी कार्डासाठी ठेवलं होतं. आणि डॅम्नेशन तर आधीच खेळलं होतं ना त्याने? मग आता डिसएन्चँटने काय होणार? डॅम्नेशन काही मोडता येत नाही त्याने.

आडवी_जमीन | दुपारी ३:१५

जेवून आले, आता नीट लिहिते. नव्या लोकांसाठी या धाग्यातला सगळ्यात कामाचा भाग हाच आहे.

इतवारीत माझ्या मामाचं घर आहे, बोळ इतका अरुंद की एका मागे एक अशाच गाड्या लागतात. आत पहिली गेलेली स्कूटर सगळ्यात शेवटी निघते. शेवटी आलेली आधी निघते. आधी मी आलो होतो म्हणून ओरडून उपयोग नाही, तुमच्या मागे लागलेली गाडी हलल्याशिवाय तुमची हलणार नाही. स्टॅक म्हणजे तो बोळ.

सदरवाल्यांनी डॅम्नेशन खेळलं, म्हणजे त्याची गाडी बोळात लावली. अजून काहीच नष्ट झालेलं नाही. डॅम्नेशन लागू होण्याआधी तुम्हाला बोलायची संधी मिळते, तिला प्रायॉरिटी म्हणतात. तुम्ही तेव्हा डिसएन्चँट खेळला असतात, तर तुमची गाडी डॅम्नेशनच्या मागे लागली असती. निघताना आधी तुमची. डिसएन्चँट लागू होतं, लेलाइन नष्ट. त्यानंतर पुन्हा प्रायॉरिटी फिरते, कोणाला काही करायचं नसेल तर डॅम्नेशन लागू होतं. आता दारात लेलाइनच नाही. ब्लड आर्टिस्ट मेला, ट्रॅव्हलर मेला, दोन भुतं मेली, एंजल मेली, सोअर मेली, स्नॅपकास्टर मेला. सात. तुमचे पहिल्यापासूनचे सात! वर ट्रॅव्हलरच्या बदल्यात एक नवं भूतही.

पाच लाइफवर सात ट्रिगर. नाणं लागलंच नसतं.

ड्युएल_मास्तर | दुपारी ३:२८

आमच्याकडे चेन अशीच उलटी सुटते, शेवटचं आधी. फरक एवढाच की आमची चेन एकदा सुटायला लागली की मधे कोणी नवीन काही घालू शकत नाही, पूर्ण सुटेपर्यंत गप्प बसायचं. तुमच्याकडे एक गाडी निघाली की लगेच मागे दुसरी लावता येते.

आडवी_जमीन | दुपारी ३:३१

हो, आणि त्यामुळे दोन्ही खेळणाऱ्यांची सगळ्यात जास्त भांडणं इथेच होतात.

कूलरसमोरचा | दुपारी ३:४०

मला वाटलं होतं की त्याने कार्ड टेबलावर आपटलं की झालं. तो आपटतोही जोरात.

सदरवाला | दुपारी ३:४२

आपटणं हा माझा हक्क आहे.

नवा_भिडू | दुपारी ४:०५

ताई, माझ्याकडच्या जुन्या कार्डांवर 'मरणं' असं लिहिलेलंच नाही, 'खेळातून ग्रेव्हयार्डमध्ये ठेवल्यावर' असं काहीतरी लांबलचक आहे. त्यांना वेगळा नियम?

आडवी_जमीन | दुपारी ४:२०

नाही. 'मरणं' हा शब्द २०११ पासून छापायला लागले, अर्थ तोच. छापील कार्डावर जुना मजकूर असला तरी ज्याने भांडण मिटवायचं तो मजकूर गॅदरर या संकेतस्थळावरचा, त्याला ऑरॅकल मजकूर म्हणतात. हा खेळ १९९३ पासून चालू आहे, जुन्या कार्डांची भाषा आणि आजची भाषा यात बरंच अंतर पडलंय. लेलाइन आणि रेस्ट इन पीसमधला 'किंवा टोकन' हा फरक मी तिथूनच सांगितला. सीताबर्डीहून कलर झेरॉक्स मारून आणलेल्या प्रॉक्सीवर तर अजिबात विसंबू नका, मागे एका मुलाच्या प्रॉक्सीवर शेवटची ओळच कापली गेली होती आणि तो आठ दिवस चुकीचं कार्ड खेळत होता.

धागा_राखणदार | दुपारी ४:३५

निवाडा झाला असं समजून शीर्षकापुढे 'सुटला' लावतो. उत्तर: चार. कोणाची हरकत?

कूलरसमोरचा | दुपारी ४:४१

हरकत नाही. सदरवाला, डाव मी जिंकलो नव्हतो. शनिवारी एक विरुद्ध तेरा, तिथूनच पुढे खेळू. टेबलाचा फोटो आहे माझ्याकडे, हातातली कार्डंही लिहून ठेवतो. डिसएन्चँट माझ्या हातात आहे हे आता तुला माहीत झालं, तेवढं तुझ्या फायद्याचं.

सदरवाला | दुपारी ४:५०

मंजूर. पोहे तुझ्याकडून.

अन् शनिवारी एंजल घेऊन ये माझी. डावात एक्झाइल आहे ती, तुले लागणार नाही.

कूलरसमोरचा | दुपारी ५:०२

आणतो. एक सांगायचं होतं, रागावू नको. ती जरा वाकलीय.

सदरवाला | दुपारी ५:०३

वाकलीय म्हणजे?

कूलरसमोरचा | दुपारी ५:१०

डेक कूलरच्या समोरच्या फळीवर ठेवला होता दोन महिने. बाकीची कार्डं ठीक आहेत, फॉइलच तेवढी वळली. टेबलावर ठेवली की झोपाळ्यासारखी डुलते.

आडवी_जमीन | दुपारी ५:१८

फॉइल कार्डाचा कागद ओल पितो, वरचा चकचकीत पापुद्रा पीत नाही. एक बाजू फुगते, दुसरी नाही, म्हणून वळतं. कूलरची हवा म्हणजे पाणीच. घट्ट डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा, वर जाड पुस्तक दाबा, बरीचशी सरळ होईल. घाईने इस्त्री वगैरे फिरवू नका.

मेंढीकोट_मावशी | दुपारी ५:२०

उन्हात ठेव म्हणावं, पापडासारखी. नागपूरचं ऊन आहे.

आडवी_जमीन | दुपारी ५:२१

मावशी, नको! उलटी वळेल.

सदरवाला | दुपारी ५:३०

शनिवारी पोहे दोन प्लेट. अन् वरून संत्रा बर्फी. पाव किलो.

कूलरसमोरचा | दुपारी ५:३३

अर्धा किलो आणतो. पण कूलरसमोर मी बसणार.